सिंटर्ड डिस्क पॅड : पसरणी घाटातले आठ महिने

वाई-पाचगणी रोजचं जाणं-येणं. बाईक १५० सीसी, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला. घाट उतरताना पुढचा ब्रेक असा किंचाळायचा की पायी चालणारे आधीच बाजूला व्हायचे. डिस्कला दाबून धरणारे पॅड संपले असतील म्हणून गॅरेजला नेली, तर पॅड चांगले ३ मिमी शिल्लक! पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत. मेकॅनिकने पहिलाच प्रश्न विचारला, "क्लच दाबून उतरता का?"

उतरत होतो. पेट्रोल वाचतं असं वाटायचं म्हणून घाटभर क्लच दाबलेला आणि ब्रेक हलका धरलेला. त्याने पॅड तापत राहतो, वरचा थर कडक होतो. मग तो डिस्कला नीट धरत नाही, थरथरतो, आणि ती थरथर म्हणजेच ती चूंऽऽ.

जूनच्या तोंडावर सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड दाबून-तापवून बनवलेले पॅड टाकले. पहिले दोनेकशे किलोमीटर जोरात ब्रेक मारला नाही, पॅड डिस्कवर बसू दिले. पावसात फरक लगेच जाणवला. भिजलेल्या डिस्कवर जुने पॅड क्षणभर घसरल्यासारखे वाटायचे, हे लगेच धरतात. मात्र हे मुके नाहीत. हळू चालवताना बारीक खरखर येते. डिस्कही थोडी जास्त झिजते, त्यामुळे आपल्या डिस्कला सिंटर्ड चालतात का ते आधी विचारून घ्या.

आता दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, क्लच सोडून उतरतो. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करतो. लीव्हर झटक्यात नाही, पिळत पिळत दाबतो, कारण वजन पुढच्या चाकावर आलं की ते चाक जास्त जोर सोसतं. मागचा ब्रेक सोबत, पण बेताने. ओल्या रस्त्यावर ड्रमचं चाक पटकन लॉक होतं.

रात्रभर पावसात उभ्या गाडीची सकाळची खरखर डिस्कवरच्या गंजाची असते, दोन-तीन ब्रेकमध्ये जाते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी करकर आली तर मात्र गाडी तिथेच थांबवा. आणि आवाज जावा म्हणून डिस्कवर ऑईल मारणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका, ब्रेकच लागणार नाही.

पावसाळ्यानंतर थोडा आवाज परतला होता. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागात, लाल माती बसली होती आणि तो ज्यांवर सरकतो त्या पिना कोरड्या पडल्या होत्या. साफ करून पिनांना ग्रीस लावल्यावर थांबला. त्याच वेळी ब्रेक ऑईलही बदललं, डॉट ४ प्रतीचं. ब्रेक ऑईल हळूहळू हवेतलं पाणी शोषतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळून लीव्हर मऊ पडतो.

घाटासाठी पुन्हा हेच घेईन. नुसतं गावात फिरणाऱ्यांना ऑरगॅनिक, म्हणजे तंतू आणि रेझिनचे साधे पॅड पुरे.