डेबियन १३, सहा महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण ती टीएमपी!

चार जीबी रॅमच्या मशीनवर डेबियन १३ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकणार असाल तर आधी टीएमपीचा, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरचा, बंदोबस्त करा, बाकीचं मग. झेरॉक्स-स्कॅनिंगच्या काउंटरवरच्या जुन्या डेस्कटॉपवर १२ वरून चढवलेली ही सिस्टिम सहा महिने दिवसभर चालते आहे. अडली ती दरवेळी एकाच जागी.

१३ पासून टीएमपी डिस्कवर नसते, रॅममध्ये असते, आणि जास्तीत जास्त निम्मी रॅम घेते. म्हणजे इथे जेमतेम दोन जीबी. आता हिशेब करा. ए-फोर पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं की कच्चं चित्र सुमारे १०४ एमबीचं होतं. सातबारा, फेरफार आणि जुनं खरेदीखत मिळून वीस पानांचा गठ्ठा आला, आणि पानं टीएमपीत साठवून शेवटी पीडीएफ बांधणारी स्क्रिप्ट (कमांडांची फाइल) असेल, की विसाव्या पानाच्या आसपास 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', म्हणजे जागा संपली. डिस्क निम्मी रिकामी, गिऱ्हाईक समोर उभं, आणि पहिल्या पानापासून परत सुरुवात. शिवाय भरते ती रॅमच, त्यामुळे ब्राउझरही रखडतो. रिलीज नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण चार जीबीवाल्यांसाठी इन्स्टॉलरने एक प्रश्न विचारायला हवा होता. नवीन रॅम घ्या हे उत्तर मला मान्य नाही. चालू मशीनवर खर्च का करायचा?

पहिले तीन महिने माझा सल्ला सरळ होता: 'सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट' ही कमांड द्या, रीबूट करा, टीएमपी पुन्हा डिस्कवर. आता मत बदललं आहे. रॅममधली टीएमपी मशीन बंद झालं की पुसली जाते. लोकांची आधार कार्डं आणि पासबुकं ज्या मशीनवर स्कॅन होतात तिथे ही फार मोलाची गोष्ट आहे. म्हणून टीएमपी रॅममध्येच राहू द्या. फक्त मोठ्या गठ्ठ्याच्या स्क्रिप्टमध्ये टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल (तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या ते सांगणारं) डिस्कवरच्या व्हार-टीएमपी फोल्डरकडे वळवा आणि शेवटच्या ओळीत ती चित्रं पुसायची कमांड घाला. ती विसरू नका. नवीन इन्स्टॉलेशनमध्ये व्हार-टीएमपीतल्या फाइली ३० दिवसांनी आपोआप जातात, पण १२ वरून चढवलेल्या सिस्टिममध्ये जुनीच पद्धत चालू राहते. तिथे त्या पडून राहतील.

आता वेळेबद्दल. नवीन डेबियन कधी येणार, याला मिळणाऱ्या 'तयार होईल तेव्हा' या उत्तराला बरेच जण वैतागतात. २००२ च्या जुलैतल्या वूडी या आवृत्तीनंतर सार्ज ही पुढची आवृत्ती यायला २००५ चा जून उजाडला, तेव्हा तो वैताग रास्तच होता. आता साधारण दोन वर्षांचा फेरा बसला आहे. १३ साठी १५ मार्च २०२५ ला मोठ्या लायब्रऱ्यांचे बदल थांबले, १५ एप्रिलला नवीन पॅकेजं बंद झाली, १५ मेला हार्ड फ्रीझ (बदलांवर कडक बंधन), २७ जुलैला पूर्ण फ्रीझ आणि ९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, रिलीज. आमच्या किनाऱ्यावर हे थांबणं समजावून सांगावं लागत नाही. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, तरी छोट्या होडीवाले दर्या बघतात, नारळ देतात, मगच होडी लोटतात.

आणि थांबायची हिंमत डेबियनच्या मंडळींकडे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ ही दुरुस्ती-आवृत्ती बाहेर पडायच्या वेळीच तिच्या ६.१.६४ कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) ईएक्सटी४ या डिस्क-फॉरमॅटवरचा डेटा खराब करणारा बग सापडला. १२.३ रोखली आणि लगेच, १० डिसेंबरला, दुरुस्त कर्नलसह १२.४ दिली. ज्यांच्याकडे तो कर्नल आपोआप आला होता त्यांना ती लगेच घेणं भाग होतं. जुना कर्नल एक तरी राखून ठेवा, तो अशा वेळी उपयोगी पडतो.

पण रिलीज झाली म्हणून लगेच चढवू नका. ऑगस्टमध्ये इथे लाईटचा भरवसा नाही. १३.१ आली ६ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीला, तेव्हा गाव चाकरमान्यांनी भरलेलं आणि काउंटरवर गर्दी. १३.२ आली १५ नोव्हेंबरला. पाऊस सरलेला, आंब्याचा हंगाम लांब. मुहूर्त हाच.

आधी बॅकअप. मग १२ पूर्ण अपडेट करा. बूट पार्टिशन वेगळं असेल तर ते किमान ७६८ एमबीचं आणि त्यात ३०० एमबी मोकळं हवं. सोर्सेस-लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) बुकवर्म या १२ च्या नावाच्या जागी ट्रिक्सी हे १३ चं नाव लिहा, 'एपीटी अपडेट' करा आणि फुल-अपग्रेड 'डाउनलोड-ओन्ली' लावून आधीच रात्री उतरवून ठेवा. मोबाइल डेटावर हे दोन-तीन रात्रींत होतं. सकाळी आधी 'अपग्रेड विदाउट-न्यू-पीकेजीएस', नंतर 'फुल-अपग्रेड'. नेट गेलं तरी काम अडत नाही, लाईट गेली तर मात्र अडतं. इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर करा, नाहीतर लाईट जाता-येतानाच्या त्या क्षणात मशीन रीस्टार्ट होतं. तसं झालंच तर 'डीपीकेजी कॉन्फिगर', मग 'एपीटी फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', आणि पुन्हा 'फुल-अपग्रेड'.

३२-बिट मशीन असेल तर १३ चा विचारच सोडा, त्यासाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल.

आणि 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' असं दिसलं तर मिरर (पॅकेजं देणारा सर्व्हर) बदलत बसू नका. घड्याळ मागे पडलंय. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदला, आणि बसवण्याआधी खाऱ्या हवेने काळी पडलेली क्लिप खोडरबराने घासून घ्या.