सोनेरी तेलाला भुललो

210 लिटरचे तीन बॅरल साधं तेल आणि वर 21 लिटर ‘डिटर्जंट कॉन्सन्ट्रेट’, म्हणजे इंजिन तेलात मिसळायचं दाट साफ करणारं रसायन. एकूण 651 लिटर. माझ्या मूर्खपणाचं हे माप लिहितानाही लाज वाटतेय. डिझेल इंजिनं सांभाळण्यात माझी वीस वर्षं गेली, हेही आत्ताच सांगतो, म्हणजे हसायचं ते एकदाच हसून घ्या.

विक्रेत्यांचा गोडबोलेपणा तुम्हाला ठाऊकच आहे: तयार तेलात पैसे ॲडिटिव्हचेच (वरून घातलेल्या रसायनांचेच) जातात, आम्ही ते सुटं देतो, तुम्ही मिसळा. कॉन्सन्ट्रेटचा टीबीएन (आम्ल मारण्याच्या ताकदीचा आकडा) 300, बॅरलमागे 7 लिटर, म्हणजे मिश्रणाचा 10च्या आसपास. मी कागदावर मांडून पाहिलं, बरोबर आलं. असा खरा डिटर्जंट, ओव्हरबेस्ड कॅल्शियम सल्फोनेट, 300-400 टीबीएनचा मिळतोही. तेव्हा मला अडाणी म्हणू नका.

पण कॅनच्या तळाशी बोटभर पांढरा गाळ होता. विक्रेता म्हणाला, “हलवून घ्या, चुना असतोच यात.” अर्धं खरं होतं, म्हणूनच पचलं. खऱ्या मालात चुन्यावर कार्बन डायऑक्साइड सोडून कॅल्शियम कार्बोनेट करतात. त्याचे कण काही नॅनोमीटरचे, भोवती सल्फोनेट साबणाचं कवच. ते खाली बसत नाहीत, द्रव आरपार दिसतो. गाळ दिसला की कॅन तिथेच परत करा. मी काठीने ढवळत बसलो!

ढवळण्याचं एक वेळ सोडा. मिश्रण इंजिनात घालून 40 तास चालवलं, डिपस्टिक काढली तर तेल सोनेरी. चार जणांना हाका मारून दाखवलं. अरे, डिझेल इंजिनात चांगलं तेल लवकर काळं पडतं, कारण काजळी ते स्वतःत धरून ठेवतं (हे काम मुख्यतः डिस्पर्संटचं; डिटर्जंट गरम पिस्टनवर थर बसू देत नाही आणि इंधनातल्या गंधकापासून होणारं आम्ल मारतो). तेल स्वच्छ राहिलं म्हणजे घाण इंजिनातच राहिली. हे मी पोरांना शिकवलंय, आणि त्या दिवशी खूश होऊन डिपस्टिक पुसून परत खोचली.

110 तासांना फिल्टर पांढऱ्या लगद्याने बंद. 190 तासांना निळा धूर. उघडलं तर रिंगा खाचांत घट्ट चिकटलेल्या, पिस्टनवर तपकिरी लॅकर, म्हणजे जळक्या तेलाचा चिवट थर.

मग सुचलं प्रयोगशाळेचं. बॅरलमधल्या न वापरलेल्या मिश्रणाचा टीबीएन 0.9, कॅल्शियम 310 पीपीएम (दहा लाखांत 310 भाग). कॅल्शियमच्या जोरावर 10 टीबीएन हवा तर साडेतीन हजार पीपीएम लागतं. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर चाचणीची पद्धतच नव्हती. नव्या तेलाला टीबीएन मोजायची पद्धत, एएसटीएम डी 2896, लिहिलेली बघा. आणि नमुना स्वतः काढा, बॅरलच्या तळातूनही.

तक्रारीचं तर विचारूच नका. ग्राहक कार्यालय म्हणालं, तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही. मापवाल्यांनी लिटर मोजले, पूर्ण भरले, तक्रार निकाली. दर्जावाले म्हणाले, कॅनवर आमचं चिन्हच नाही, आमचा संबंध काय? म्हणजे चिन्ह न छापता लुटलं की सगळं माफ! ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, “तेल मिळालं ना?” मी अहवाल पुढे केला. त्यांनी टीबीएन म्हणजे काय विचारलं, मी सांगायला लागलो, तेवढ्यात त्यांना फोन आला. तो फोन अजून चालूच असावा.

मिसळण्याआधीच्या दोन्ही द्रवांची सीलबंद बाटली मी ठेवली नव्हती. तुम्ही ठेवा. “मिसळताना तुमचंच चुकलं” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उरलेलं 586 लिटर पडून आहे. बिजागऱ्यांना घालतो.