लिलावाच्या टोपलीत काय भरावे : कॅलिफोर्नियातील तीन चीज आणि तीन वाइन

आमच्या महाराष्ट्र मंडळात ज्येष्ठांना दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय करणारा एक मदतगट आहे. त्याच्या वर्षभराच्या खर्चासाठी दिवाळीच्या कार्यक्रमात वस्तूंचा लिलाव होतो. येथे त्याला सायलेंट ऑक्शन म्हणतात : प्रत्येक वस्तूपुढे एक कागद ठेवलेला असतो, इच्छुकांनी आपला आकडा त्यावर लिहायचा आणि ठरलेल्या वेळी सर्वांत वरचा आकडा ज्याचा असेल त्याला ती वस्तू मिळते. यंदा वाइन आणि चीजची टोपली सजवण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ती बाजारातून तयार न आणता एकेक जिन्नस निवडून भरली. त्या जिनसांविषयी, त्यांच्या चवीविषयी आणि किमतीविषयी सविस्तर लिहीत आहे. अशी टोपली भरण्याची वेळ आपल्या मंडळांतील अनेकांवर येते, आणि तिच्यातील चीजकडे वाइनच्या मानाने फार कमी लक्ष दिले जाते असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गेल्या वर्षी आम्ही भेटवस्तू घरपोच पाठवणाऱ्या एका कंपनीची तयार टोपली मागवली होती. ती दिसायला भव्य होती, परंतु उघडल्यावर निम्मी उंची कागदाच्या कातरणाने भरलेली निघाली, आणि चीज म्हणून फ्रीजबाहेर महिनोन्‌महिने टिकणारे, डबीतले, पावाला लावायचे मिश्रण होते. वाइनच्या बाटलीवर द्राक्षे कोणत्या खोऱ्यातील याचा उल्लेखही नव्हता. ज्या कुटुंबाने ती टोपली घेतली त्यांनी सौजन्याने काही म्हटले नाही, पण लोक चांगल्या कामासाठी जास्त पैसे मोजतात तेव्हा त्यांच्या हाती निकृष्ट माल देणे योग्य नाही, ही बोच मला वर्षभर होती.

यंदाची निवड सुरू झाली ती एका प्रश्नापासून. मंडळातील एका काकूंनी मला आधीच विचारले होते, "अगं, चीजमध्ये प्राण्याचं काही नसतं ना? आमच्याकडे चालत नाही." प्रश्न अगदी रास्त आहे. पनीर करताना आपण दूध लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडतो. बहुतेक मुरवलेल्या चीजसाठी मात्र दूध रेनेट घालून जमवतात, आणि पारंपरिक रेनेट हे कोवळ्या वासराच्या जठरातून काढलेले असते. इटलीचे पार्मिजानो रेज्जानो तर नियमानेच अशा रेनेटचे असते, त्यामुळे ते कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्या घरात चालत नाही. भारतात वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून आपण निश्चिंत होतो, परंतु अमेरिकेत तसे सक्तीचे चिन्ह नाही. घटकांच्या यादीत अनेकदा केवळ 'एन्झाइम्स' एवढाच शब्द असतो आणि तो प्राणिजन्य रेनेटसाठीही चालतो व सूक्ष्मजीवांपासून बनवलेल्या रेनेटसाठीही. म्हणून ज्या चीजशाळा आपले रेनेट शाकाहारी असल्याचे स्वतः स्पष्ट सांगतात त्यांचेच चीज घ्यायचे असे मी ठरवले. या एका अटीने दुकानातील अर्धेअधिक चीज बाजूला पडले आणि निवड सोपी झाली.

पहिले चीज म्हणजे हम्बोल्ट फॉग. कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाकडे हम्बोल्ट काउंटीत अर्केटा नावाचे गाव आहे, तेथील सायप्रस ग्रोव्ह ही चीजशाळा मेरी कीन यांनी १९८३ मध्ये सुरू केली. २०१० पासून ती एमी या स्विस कंपनीच्या मालकीची आहे. हे शेळीच्या दुधाचे चीज असून त्याच्या पांढऱ्याशुभ्र अंगातून वनस्पतीच्या राखेची एक करडी रेघ आडवी जाते, आणि किनाऱ्यावर उतरणाऱ्या धुक्याचे नाव त्याला का दिले असावे हे ती रेघ पाहताक्षणी कळते. राख खाण्याजोगीच असते. हे चीज बाहेरून आत मुरत जाते, त्यामुळे एकाच तुकड्यात दोन पोत मिळतात : मध्यभाग भुसभुशीत, किंचित आंबट, आपल्या ताज्या चक्क्याची आठवण देणारा, आणि सालीलगतचा भाग सायीसारखा ओघळणारा. शेळीच्या दुधाच्या वासाची ज्यांना धास्ती आहे त्यांनीही हे चाखून पाहावे. माझ्या घरी शेळीचे दूध कोणी तोंडाला लावत नाही, पण नमुन्यादाखल आणलेला तुकडा दोन दिवसांत संपला. एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. मी तीन आठवडे आधी आणून ठेवलेला दुसरा तुकडा लिलावाच्या सुमारास सालीखाली पूर्ण पातळ झाला आणि त्याला अमोनियासारखा उग्र दर्प येऊ लागला. तो टाकून द्यावा लागला आणि नवा तुकडा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आणला. मऊ चीज हे आयत्या वेळीच घ्यावे.

दुसरे आणि तिसरे चीज एकाच ठिकाणचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, टोमालेस उपसागराच्या काठच्या टेकड्यांवर जियाकोमिनी कुटुंबाचा जुना दुग्धव्यवसाय आहे. बॉब जियाकोमिनी आणि त्यांच्या चार मुलींनी २००० मध्ये तेथे पॉइंट रेयेस ओरिजिनल ब्लू हे निळ्या बुरशीचे चीज काढले. ते खारट आहे, तिखट म्हणावे इतके झणझणीत आहे, तरी त्याच्या मुळाशी दुधाचा गोडवा टिकून राहतो. हे सर्वांना आवडणारे चीज नव्हे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. आमच्या समितीतील चौघांपैकी दोघांनी पहिल्या घासानंतर नको म्हटले. तरीही ते मी टोपलीत ठेवले, कारण त्याच चीजशाळेचे टोमा शेजारी होते. टोमा गाईच्या दुधाचे, मध्यम घट्ट, लोण्यासारख्या चवीचे चीज आहे, आणि ते मुले, आजी-आजोबा, चीजची फारशी सवय नसलेले पाहुणे, सर्वांना चालते. ते पोळीत गुंडाळून तव्यावर गरम केले तरी उत्तम लागते. माझ्या मते अशा टोपलीत एक चीज ओळखीच्या चवीचे असावे म्हणजे दुसरे धीट चवीचे ठेवता येते.

वाइन निवडताना मी चीजच्या मागून गेले. फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात शेळीचे चीज आणि सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाची पांढरी वाइन ही जोडी फार जुनी आहे, आणि हम्बोल्ट फॉगसाठी तोच मार्ग धरून ड्राय क्रीक व्हिनयार्डची फ्यूमे ब्लाँ घेतली. नावाचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगते की फ्यूमे ब्लाँ हे वेगळे द्राक्ष नाही. कॅलिफोर्नियातील वाइन उत्पादक रॉबर्ट मोंडावी यांनी १९६८ मध्ये आपल्या सोव्हिन्यों ब्लाँला हे नाव देऊन बाजारात आणले आणि पुढे इतरांनीही ते वापरले. ड्राय क्रीक व्हिनयार्ड ही वायनरी डेव्हिड स्टेअर यांनी १९७२ मध्ये सोनोमा काउंटीत काढली, ती ल्वारच्या ओढीनेच. तिच्या लेबलांवर शिडाची जहाजे असतात, त्यामुळे बाटली टोपलीत उठून दिसते. चव लिंबाच्या सालीसारखी तरतरीत, गोडवा जवळजवळ नाही. शेळीच्या चीजचा आंबटपणा आणि या वाइनचा आंबटपणा एकमेकांना सांभाळून घेतात आणि तोंड स्वच्छ होते. १६ डॉलरांत याहून चांगली पांढरी वाइन मला या खेपेस मिळाली नाही.

टोमासाठी सेगेसियो कुटुंबाच्या नावाची, सोनोमा काउंटीतील झिनफंडेल या द्राक्षाची वाइन घेतली. या घराण्याने १८९५ मध्ये येथे द्राक्षे लावली होती. पिकलेल्या करवंदाच्या जवळ जाणारी फळाची चव, मिरीचा हलका झोत आणि भरपूर अंग, म्हणजे तोंडात भरीव लागण्याचा गुण, असलेली ही लाल वाइन आहे. मद्यार्क १५ टक्क्यांच्या आसपास असल्याने ती सावकाश घ्यावी. चीजपेक्षा ती मसालेदार जेवणाबरोबर अधिक खुलते असे माझे मत झाले, आणि टोमाशी तिची जोडी चांगली आहे, पण असाधारण नाही.

असाधारण जोडी जमली ती तिसरी. कॅलिफोर्नियातीलच मडेरा येथील क्वेडी वायनरी १९८० पासून ऑरेंज मस्कॅट द्राक्षाची 'एसेन्सिया' ही गोड वाइन करते. तिच्यात द्राक्षाचे मद्य मिसळून आंबवण थांबवलेले असते, म्हणून द्राक्षाची साखर शिल्लक राहते. ३७५ मिलिलिटरची छोटी बाटली, सोनेरी रंग, आणि बूच काढताच नागपुरी संत्रे सोलल्यासारखा सुगंध. ओरिजिनल ब्लूचा एक कण जिभेवर ठेवून वर या वाइनचा छोटा घोट घेतला तर खारटपणा मागे सरतो, गोडी पुढे येते आणि ज्या दोघांनी ते चीज नाकारले होते त्यांनी पुन्हा तुकडा मागून घेतला. मला यात आपल्या जेवणातील एक ओळखीची गोष्ट दिसली : आंब्याच्या रसात चिमूटभर मीठ आणि मिरपूड घालणारी घरे अजून आहेत, आणि तेथे जे घडते तेच येथे घडते. शिवाय ही बाटली दिवाळीच्या फराळाबरोबर, विशेषतः खाऱ्या शंकरपाळ्यांबरोबर आणि भाजक्या बदामांबरोबर सुरेख जाते. टोपलीत एकच वाइन ठेवायची असेल तर मी हीच ठेवीन. काटेकोर शाकाहारी व्यक्तींसाठी एक सूचना करावीशी वाटते : काही वाइन निवळताना अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून मिळणारा पदार्थ वापरतात आणि अमेरिकेत ते लेबलवर लिहिणे बंधनकारक नाही, म्हणून आम्ही 'शाकाहारी' हा शब्द केवळ चीजपुरता लिहिला.

बाकीचे सामान थोडक्यात सांगते. साधी खारी बिस्किटे, अंजिराचा मुरांबा, अक्रोड, जर्दाळू आणि चीज कापायची लाकडी पाटी. चवीची बिस्किटे घेऊ नयेत. लसूण आणि ओवा चीजला झाकून टाकतात.

सर्वांत अवघड काम सजावटीचे नव्हते, थंडाव्याचे होते. नाशवंत पदार्थ दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नयेत असा येथील अन्नसुरक्षेचा दंडक आहे आणि आमचा कार्यक्रम पाच तासांचा होता. म्हणून टोपलीत चीज ठेवलेच नाही. त्याऐवजी प्रत्येक चीजचे चित्र, दूध कोणते, रेनेट कोणते, कोणत्या वाइनबरोबर घ्यायचे आणि खाण्याआधी तासभर फ्रीजबाहेर काढायचे, एवढा मजकूर मराठीत आणि इंग्रजीत छापलेली तीन पत्रे टोपलीत उभी केली, आणि चीज सभागृहाच्या फ्रीजमध्ये एका कूलर बॅगेत बर्फाच्या पिशव्यांसह ठेवून टोपलीबरोबर शेवटी हाती दिले. लोक ती पत्रे उभ्याउभ्या वाचत होते आणि वाचल्यावर आकडा लिहीत होते, हे मी स्वतः पाहिले.

परवान्यांच्या बाबतीत ढिलाई करू नये. कॅलिफोर्नियात संस्थेला लिलावात वाइन विकायची असेल तर राज्याच्या मद्य नियंत्रण विभागाचा तात्पुरता परवाना आधी घ्यावा लागतो आणि घेणारी व्यक्ती किमान २१ वर्षांची असावी लागते. आम्ही बाटल्या मोहोरबंद ठेवल्या, सभागृहात उघडू दिल्या नाहीत, आणि कार्यक्रमात मद्य नको असे ज्या ज्येष्ठांचे म्हणणे होते त्यांचा मान त्यामुळे राखला गेला. सोडतीची तिकिटे विकण्याची सूचनाही आली होती, पण त्यासाठी राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे नोंदणी लागते आणि एकूण जमा रकमेचा किमान ९० टक्के भाग धर्मादाय कामाला जावा लागतो, म्हणून लिलावच बरा ठरला.

हिशेब असा. वाइन ६२ डॉलर, चीज ३३, खाद्यवस्तू २२, लाकडी पाटी १५, टोपली १२ आणि फीत व पारदर्शक कागद ६, म्हणजे एकूण १५० डॉलर. बोली ६० पासून सुरू करून दर वेळी किमान १० ने वाढवायची असे ठरवले होते आणि ती २४० वर थांबली. टोपलीची बाजारभावाची किंमत आम्ही कागदावर ठळकपणे लिहिली होती, कारण कर भरताना देणगी म्हणून केवळ त्या किमतीवरची रक्कम, म्हणजे येथे ९० डॉलर, दाखवता येते; ७५ डॉलरांहून अधिक रक्कम घेऊन बदल्यात वस्तू देणाऱ्या संस्थेने हे देणाऱ्याला लेखी कळवणे आवश्यकही आहे. मागच्या वर्षीची तयार टोपली याहून महाग पडली होती आणि १३० वर गेली होती.

याखेरीज एक छोटी टोपली आम्ही 'शाकाहारी' असे न लिहिता ठेवली होती. तिच्यात सोनोमाच्या व्हेला चीज कंपनीचे ड्राय जॅक होते, ज्याच्या सालीवर तेल, मिरी आणि कोको चोळलेला असतो. ते कठीण, खमंग चीज असून प्रवासात मऊ चीजपेक्षा कितीतरी निर्धास्त राहता येते. ज्यांच्या सभागृहात फ्रीज नाही त्यांनी रेनेटची चौकशी करून याचाच विचार करावा.

टोपली ज्यांना मिळाली त्या कुटुंबातील आजोबांचा लक्ष्मीपूजनानंतर फोन आला. फ्यूमे ब्लाँ अजून उघडलेली नाही, हम्बोल्ट फॉग पहिल्याच संध्याकाळी संपले, आणि निळे चीज नातवाने खाल्ले नाही तरी आजींनी ते अंजिराच्या मुरांब्याबरोबर पोळीवर घेतले असे ते म्हणाले. पुढच्या वर्षी एसेन्सियाच्या दोन बाटल्या ठेवा आणि झिनफंडेल वगळा, अशी त्यांची सूचना मी समितीच्या वहीत लिहून ठेवली आहे.