व्हर्सायचं थ्रीडी पझल: पैसे वसूल, फेव्हिकॉल मात्र घरचा

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून आणलं, फोमबोर्डचं, फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याचं पझल, 1,350 रुपये. आणलं भाच्यासाठी, सुट्टीत मोबाईल सुटेल म्हणून, तो दुसऱ्या दिवशीच खाली क्रिकेटला पळाला आणि बसलो मी नि बाबा.

ज्याने कुणी हे डिझाइन केलंय त्याला राजवाडा कसा वाढत गेला ते नीट माहितीय, कारण जोडायचा क्रमच तसा ठेवलाय. पहिल्या पाकिटातून एक छोटंसं लाल विटांचं घर तयार होतं, बास. हे राजवाडा उभारणाऱ्या चौदाव्या लुई राजाचं नाहीच, त्याच्या वडिलांचं, म्हणजे तेराव्या लुईने 1623 मध्ये शिकारीला आल्यावर मुक्काम करायला बांधलेलं आणि 1631 ते 34 मध्ये वाढवलेलं. दुसऱ्या पाकिटातले पांढरे तुकडे त्या लाल घराला बागेकडून तीन बाजूंनी गवसणीसारखे बसतात. 1668 पासून ल व्हो नावाच्या आर्किटेक्टने अगदी हेच केलं. जुनं पाडून टाका असा सल्ला मिळत होता पण चौदावा लुई ऐकेना, त्यामुळे गावाकडच्या बाजूने त्या विटा आजही दिसतात. बाबा सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलेले, तो पाडून आता तिथे पार्किंगसकट सहा मजले उभे आहेत. तो लाल तुकडा बराच वेळ हातात धरून म्हणाले, "ह्याला बिल्डर भेटला नाही वाटतं."

तिसऱ्या पाकिटात तर मला हसूच आलं. राजाराणीच्या दालनांच्या मधे बागेकडे उघडी गच्ची होती, वारा-पाऊस आत यायचा, म्हणून 1678 मध्ये मान्सार नावाच्या पुढच्या आर्किटेक्टने ती बंद करून हॉल केला. आपण स्लायडिंग लावून टेरेस आत घेतो ना, तेच, फक्त ह्यांनी 73 मीटर लांब घेतली आणि 357 आरसे लावले. तोच तो आरसेमहाल! पझलमध्ये त्यासाठी चंदेरी कागदाची पट्टी दिलीय, छप्पर बसवलं की ती दिसतच नाही, मग दिली कशाला?

पुढे विंगा. इथे छपाईची बोंब आहे, उत्तर आणि दक्षिण विंगेचे नंबर उलटे, आमचा अख्खा रविवार त्यात गेला. खरी उत्तरेची विंग नंतरची, 1685 ला सुरू झालेली, आणि राजा सगळा दरबार घेऊन 6 मे 1682 लाच राहायला आलेला, म्हणजे इकडे संभाजी महाराजांचं राज्य चालू होतं तेव्हा. कंप्लीशन नसताना पझेशन, दुसरं काय.

बागेत मात्र सरळ फसवलंय. ल नोत्र नावाच्या माळीबुवाने आखलेली एवढी बाग, दीड किलोमीटरहून लांब कालवा, आणि बॉक्समध्ये एक हिरवा छापील कागद, तोही घडीवर पांढरा पडलेला. कारंजी म्हणजे नुसते ठिपके. खरी गंमत तर तिथेच आहे, सीन नदीचं पाणी वर चढवायला नदीकाठी मार्ली नावाच्या ठिकाणी 14 अजस्र चाकं बसवली तरी सगळी कारंजी एकदम चालवण्याइतकं पाणी पुरेना, मग राजा येताना दिसला की माणसं शिट्टी मारून पुढचं सुरू करायची आणि तो गेला की मागचं बंद. बाबा म्हणाले, "आपला वॉलमन बरा, निदान शिट्टी मारत नाही, गुरुवारी सरळ बंद करतो."

शेवटचा तुकडा चॅपेलचा, ते पुरं झालं 1710 मध्ये, त्यानंतर पाच वर्षांत राजा गेला. त्याची खाच आमच्या बॉक्समध्ये तुटकीच निघाली. दुकानात घेऊन गेलो तर काउंटरवरच्या काकांनी मान वर न करता सांगितलं, "उघडलेलं पझल परत घेत नाही, पाटी वाचा." पाटी खरंच होती.

घ्या जरूर, पण दुकानातच उघडून तुकडे मोजा आणि लहान मुलांसाठी म्हणून घेऊ नका, ते घरातल्या म्हाताऱ्यांना जास्त आवडतं. आमचं सध्या टीव्हीशेजारी आहे, चॅपेल फेव्हिकॉलवर उभंय आणि बाबा येईल त्या पाहुण्याला आधी तो लाल तुकडा दाखवतात.