सीरम सोडून प्लेटलेट लायसेटवर: दातांच्या स्टेम सेल वाढवतानाचा अनुभव

आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये आम्ही काढलेल्या अक्कलदाढांच्या गरातून स्टेम सेल, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या पेशी, वाढवतो. २००० साली ग्रोन्थॉस आणि सहकाऱ्यांनी या पेशी पहिल्यांदा वेगळ्या करून दाखवल्या. तेव्हापासून बहुतेक लॅबमध्ये त्यांचं खाद्य ठरलेलं: मीडियममध्ये (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवात) १० टक्के एफबीएस, म्हणजे गायीच्या गर्भातल्या वासराच्या रक्ताचं सीरम. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ते बंद करून ५ टक्के ह्यूमन प्लेटलेट लायसेट सुरू केलं. पावसाळा आणि थंडी त्यावर काढली, आता लिहायला हरकत नाही.

पुढेमागे पेशी माणसाच्या शरीरात जायच्या असतील तर जनावराची प्रथिनं त्यांच्यासोबत नकोत, म्हणून हा बदल. लायसेट बनतं रक्तपेढीतल्या प्लेटलेटपासून. प्लेटलेट साधारण ५ दिवसच टिकतात. मुदत संपलेल्या पिशव्या गोठवून-वितळवून पेशी फोडल्या की आतले पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा असे वाढीचे घटक बाहेर येतात. फेकून द्यायच्या पिशवीचं असं सोनं होतं, हे मला मनापासून आवडलं.

फरक मायक्रोस्कोपखाली लगेच कळतो. सीरमवर पेशी पसरट असायच्या, लायसेटवर बारीक, लांबट आणि दाट. फ्लास्क लवकर भरतो. ट्रिप्सिन, म्हणजे पेशी फ्लास्कच्या तळापासून सुटवणारं एन्झाइम, मात्र जपून, कारण या पेशी पटकन सुटतात. घड्याळावर विसंबू नका, फ्लास्क काढून बघत राहा.

खरी डोकेदुखी हेपरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची. लायसेटमध्ये फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन असतं आणि मीडियममध्ये कॅल्शियम. हेपरिन नसेल तर बाटली ३७ अंशांवर गेली की गोठायला लागते. तिरकी केली की आतलं सगळं दह्यासारखं एकसंध सरकतं. असं मीडियम वाया गेलंच समजा. मिलिलिटरला २ युनिट हेपरिन आधी घालायचं, नीट हलवायचं, मग लायसेट. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगतो. आमच्या बाटलीवर ‘प्राणिजन्य घटक नाहीत’ असं ठळक छापलंय आणि सोबतच्या कागदावर हेपरिन घालायला सांगितलंय. ते हेपरिन डुकराच्या आतड्यातून काढलेलं असतं! नेहमीचं ट्रिप्सिनसुद्धा डुकराचंच. पुरवठादाराने हे स्पष्ट सांगायला हवं होतं. फायब्रिनोजेन काढलेलं लायसेट मिळतं, पण ते महाग पडतं.

दुसरी तक्रार वाहतुकीची. पुणे-बंगळूर हायवेवर असूनही एक खोका आमच्याकडे आला तेव्हा ड्राय आइस उडून गेलेला, बाटली अर्धी वितळलेली. आम्ही ती घेतली नाही. तेव्हापासून माल सोमवारी निघेल असंच बघतो, म्हणजे रविवारी गोदामात पडून राहत नाही. आल्याबरोबर छोट्या भागांत वाटून गोठवतो. वितळल्यावर तरंगणारे कण आधी सेंट्रिफ्यूजने खाली बसवा, नाहीतर ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर तुंबतो.

वेगाने वाढल्या म्हणून त्या स्टेम सेलच राहिल्या असं होत नाही. आयएससीटी या पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००६ च्या निकषांप्रमाणे सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे ओळखचिन्ह-रेणू ९५ टक्के किंवा जास्त पेशींवर हवेत. सीडी३४, सीडी४५ फार तर २ टक्क्यांवर. आमच्या पेशी यात बसल्या. हाडाच्या पेशी बनण्याकडे वळवल्यावर अ‍ॅलिझरिनचा (कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगाचा) लाल रंग भरभरून आला, चरबीचे थेंब मात्र तुरळकच दिसले.

खानापूर-निपाणीकडून फोन येतात, “दादा, आईच्या गुडघ्याला लावून मिळतंय काय?” आईसाठी विचारणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रुग्णासाठीच्या पेशी जीएमपी सुविधेतच, म्हणजे औषधनिर्मितीचे दर्जाचे नियम पाळणाऱ्या ठिकाणीच, तयार व्हाव्या लागतात, आणि आमची लॅब संशोधनापुरती आहे. कुणी साध्या लॅबमधल्या पेशी टोचून देतो म्हणाला तर जाऊ नका.

लायसेट घेताना किती दात्यांचं एकत्र केलंय आणि एचआयव्ही, हेपॅटायटिस बी-सीच्या तपासण्यांचे कागद मागून घ्या. चालू प्रयोग सीरमवर असेल तर तो सीरमवरच संपवा, नवी दाढ आली की पहिल्या दिवसापासून लायसेट. मध्येच खाद्य बदललं की आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत.