टेस्टमॉनसोबत नऊ महिने: बदललं तेवढंच तपासताना

2025च्या जूनमध्ये आमच्या टीमने पायटेस्ट-टेस्टमॉन हे प्लगइन लावलं. पायटेस्ट म्हणजे पायथन कोडच्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवणारं साधन; टेस्टमॉन त्यातल्या बदललेल्या कोडशी संबंधित टेस्टच निवडतं. नऊ महिने रोज वापरते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं काम पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार व्यापाऱ्यांच्या बिलिंगचं. बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, पायथनमध्ये, टेस्ट साधारण 1,100, सगळ्या चालायला माझ्या लॅपटॉपवर 11 मिनिटं. दोन ओळी बदलल्या की दर वेळी 11 मिनिटं कोण थांबणार? जो तो अंदाजाने एखादी टेस्ट फाइल चालवायचा आणि कोड पुश करून (सर्व्हरवर पाठवून) निघायचा. मग संध्याकाळी चांदणी चौकात गाडी अडकलेली असताना बिल्ड पडल्याचा, म्हणजे सर्व्हरवरच्या तपासणीत कोड नापास झाल्याचा, मेसेज यायचा.

टेस्टमॉन पहिल्यांदा सगळ्या टेस्ट चालवतं आणि कव्हरेज या, कोडच्या कोणत्या ओळी चालल्या हे मोजणाऱ्या साधनाच्या मदतीने कोणती टेस्ट कोडच्या कोणत्या भागातून गेली हे टिपून ठेवतं. ही नोंद प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये एका एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये राहते. पुढच्या वेळी बदललेल्या भागातून गेलेल्या टेस्टच निवडल्या जातात. आमच्या फ्रंटएंडवाल्यांचं (स्क्रीनवर दिसणारा भाग लिहिणाऱ्यांचं) जेस्ट हे जावास्क्रिप्टचं टेस्ट-साधनही असंच करतं, पण ते गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) विचारून बदललेल्या फाइल शोधतं आणि इम्पोर्टचा, म्हणजे कोणती फाइल कोणती वापरते याचा, माग काढतं. म्हणजे सगळीकडे वापरलेल्या एका फाइलला हात लावला की निम्म्या टेस्ट धावतात. टेस्टमॉन फाइलच्या आत, फंक्शनपर्यंत (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यापर्यंत) बघतं. हमाली-तोलाईचं फंक्शन बदललं तर तेवढ्याशी संबंधित टेस्ट चालतात, काही सेकंदांत. नुसती कॉमेंट (कोडमधली टीप) बदलली तर एकही नाही. नापास झालेली टेस्ट पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा समोर येते, हे मला फार आवडलं. जोडीला पायटेस्ट-वॉचर लावलं, त्यामुळे फाइल सेव्ह केली की निकाल तयार. हातातलं काम डोक्यात असतानाच चूक दिसते, आणि माझ्या कामात यापेक्षा मोठा फरक अलीकडे कशानेच पडलेला नाही.

आता सप्टेंबरची गोष्ट. 3 तारखेला जीएसटी परिषदेचा निर्णय आला, नवे दर घटस्थापनेपासून, 22 तारखेपासून. तूप, बदाम 12 टक्क्यांवरून 5 वर. आमचे दर एका जेसन फाइलमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या डेटाच्या फाइलमध्ये. सहकाऱ्याने ती बदलली, टेस्टमॉन चालवलं, एकही टेस्ट निवडली गेली नाही. तो म्हणाला, "अगं, कशालाच धक्का लागलेला नाही, टाकतो." मीही हो म्हटलं.

सर्व्हरवर मात्र पूर्ण टेस्ट चालतात. तिथे ढीगभर टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाल्या. बहुतेकांत जुना दर अपेक्षित होता, तो बदलायचाच होता. पण एक चूक खरी निघाली: 22 तारखेआधी विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या, म्हणजे जुन्या दराने निघायला हवी. आमची 5 टक्क्यांनी निघत होती. ऐन दसरा-दिवाळीच्या हंगामात हे व्यापाऱ्याच्या हिशेबात गेलं असतं तर आमच्यावरचा विश्वासच गेला असता.

दोष प्लगइनचा नाही. ते पायथन कोडवर लक्ष ठेवतं; जेसन, टेम्पलेट, डेटाबेसमधला डेटा त्याला दिसत नाही, आणि त्याच्या माहितीपानावर हे लिहिलेलं आहे. आम्ही मात्र "काही चाललं नाही" याचा अर्थ "सगळं पास" असा लावला. तेव्हापासून दरांच्या फोल्डरमध्ये काही बदललं की कमिटच्या (बदल गिटमध्ये नोंदवण्याच्या) आधी सगळ्या टेस्ट आपोआप चालतील असा हुक बसवला आहे, आणि सर्व्हरवरची पूर्ण फेरी काढायचा विषय पुन्हा कुणी काढलेला नाही. निवड न करता सगळ्या टेस्ट चालवायच्या, फक्त नापास होण्याची शक्यता जास्त त्या आधी, असाही एक पर्याय टेस्टमॉनमध्ये आहे. रिलीजच्या आदल्या दिवशी मी तोच वापरते.

बारीक तक्रारी आहेत. नोंद ठेवत चालल्यामुळे पहिली फेरी नेहमीपेक्षा सावकाश होते. खूप वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या आवृत्तीवर) गेलं की बऱ्याच टेस्ट पुन्हा चालतात. नोंदीची फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाकायला विसरू नका. तुमच्या सगळ्या टेस्ट मिनिटभरात संपत असतील तर या भानगडीत पडूच नका. आणि एखादं पॅकेज (बाहेरून घेतलेला तयार कोड) अपग्रेड केलं की सगळ्याच टेस्ट नव्याने धावतात, त्यामुळे ते काम मी डबा खायला उठताना सुरू करते.