एनटीआरपी ३.० : आठ महिने वापरल्यावर

गेल्या आठवड्यात टेनिसमधली माझी डबल्सची जोडीदार बाद झाली. दुखापत वगैरे नाही, जास्त चांगली खेळली म्हणून! एनटीआरपी म्हणजे अमेरिकेतल्या टेनिस लीगमध्ये खेळाडूची पातळी सांगणारं रेटिंग. ती ते स्वतःच भरून आलेली, तिसरा स्ट्राइक (पातळीपेक्षा फारच वरचढ खेळल्याची नोंद) पडला आणि कॉम्प्युटरने तिला ३.० मधून उचलून ३.५ मध्ये टाकलं. (सँडबॅगर, म्हणजे मुद्दाम कमी रेटिंग लावून घेणारी, नाही हो ती. प्रश्नावलीत सगळं खरंच लिहिलं होतं. पण वीस वर्षं बॅडमिंटन खेळलेल्या मनगटाचं काय करणार?) चाळिशीपुढच्या लीगचा अर्धा सीझन शिल्लक आणि मी जोडीदाराविना.

अमेरिकेत लीग खेळणाऱ्यांना या २.५, ३.०, ३.५ अशा अर्ध्या-अर्ध्या पायऱ्या पाठ असतात, त्यात शिरत नाही. माझं भांडण दशांशाशी आहे. आत हिशेब शंभराव्या भागापर्यंत चालतो आणि आपल्याला दाखवतात नुसती पायरी. २.५१ वालीही ३.० आणि काठावर बसलेली ३.०० वालीही ३.०. मी त्यातली कुठली? आठ महिने झाले, पत्ता नाही. यूटीआर या टेनिसच्या दुसऱ्या रेटिंगमध्ये आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत असतो, मग इथेच काय सोनं पुरलंय? अंदाज सांगणाऱ्या साइट्स आहेत. पैसे मोजायचे नाहीत असं ठरवलंय. फुकटची मात्र रोज रात्री उघडते.

जिंकलं की आकडा वर, अशी माझी भाबडी समजूत होती. जूनमध्ये आम्ही ६-४, ७-५ जिंकलो आणि त्या साइटवरचा अंदाज खाली! चौघींचे आकडे बघून कॉम्प्युटर निकाल आधीच धरून चालतो. आमच्याकडून त्याला बहुधा ६-२ हवं होतं. तसं हरूनही आकडा वाढू शकतो म्हणा. हे कळल्यापासून ५-१ ला ढिलं पडायची माझी खोड मात्र गेली.

इथवर लिहून दोन स्टार देणार होते. पण परवा एका सत्तरीच्या बाईंशी गाठ पडली. गुडघ्याला पट्टा, नेटकडे एक पाऊल टाकतील तर शपथ. पण लॉब (डोक्यावरून उंच मारलेला चेंडू) असा, की दरवेळी कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, बेसलाइनच्या, हातभर आत. मी मागे धावून धावून घामाघूम, त्या आपल्या जागेवर. शेवटचा दहा पॉइंटांचा टायब्रेक आम्ही १०-८ हरलो. त्याही ३.०, मीही ३.०. कॉम्प्युटरला वय कळत नाही म्हणून मी चिडायचे, पण या मॅचमध्ये बाजू अगदी तोलून लावल्यासारख्या होत्या. चला, साडेतीन स्टार.

जोडीदाराचं म्हणाल तर पंचावन्नपुढच्या लीगमध्ये दोघींच्या रेटिंगची बेरीज बघतात. ७.० च्या टीममध्ये तिचे ३.५ आणि माझे ३.०, मिळून साडेसहा. बसतो आम्ही. कॅप्टनही खूश आहे. मलाच रुखरुख, अर्धा वाया जातोय.